खुब्याचा सांधा : रचना, रोग आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या पळस्पे येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या कार्यकारी मंडळाने ह्या वर्षी आम्हांस आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही डॉक्टर नव्हे आणि वैद्यही नव्हे. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाचा पेशा पत्करला आणि उभे आयुष्य मुलांना गणित व शास्त्र शिकविण्यात गेले. तेव्हा रोगाची चिकित्सा सांगण्याचा अधिकार आमच्याकडे नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. परंतु शरीराची रचना कशी आहे आणि त्या रचनेतून कोणते परिणाम उद्भवतात, हे सोपे करून सांगणे हे शिक्षकाचे कामच आहे. तेवढेच आज करावयाचे आम्ही योजिले आहे. विषय आहे खुब्याचा सांधा.

हा विषय निवडण्यास कारण आहे. आपल्या घरांतून एखादे म्हातारे माणूस पडल्याची वार्ता आली की तिच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास ऐकू येते : “आता वय झाले, कशाला चिरफाड? पडून राहू द्या.” ह्या वाक्यात माया असते, काटकसर असते आणि भीतीही असते, परंतु ज्ञान नसते. ज्याला ह्या सांध्याची रचना एकवार कळली, त्याच्या तोंडून हे वाक्य सहसा निघावयाचे नाही, अशी आमची खात्री आहे.

प्रथम हा सांधा आहे कोठे ते पाहू. आपल्या बोलण्यात ‘कंबर’ हा शब्द फार सैल वापरला जातो. पाठीच्या खालच्या मणक्यांत दुखले तरी कंबर दुखते, आणि आजी पडून मांडीचे हाड मोडले तरी कंबर मोडली, असेच आपण म्हणतो. बाजूला हात लावला असता जो टणक उंचवटा लागतो, त्यालाच पुष्कळ लोक खुबा समजतात. वस्तुतः तो उंचवटा मांडीच्या हाडाचा बाहेर आलेला भाग होय. खरा सांधा त्याच्या आतल्या बाजूस, जांघेच्या मध्याच्या मागे खोलवर दडलेला असतो. म्हणून सांध्याचे खरे दुखणे बहुधा जांघेत जाणवते. कित्येकदा ते गुडघ्यात जाणवते, कारण दोन्ही ठिकाणच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या शाखा एकाच मुळातून निघालेल्या आहेत. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी आपला पुष्कळ वेळ आणि पैसा वाचेल. गुडघ्याला महिनोन्‌महिने तेल चोळले जाते आणि रोग मात्र खुब्यात वाढत असतो, असे प्रकार घडतात.

आता रचना. शाळेत आपण सर्वांनी सांध्यांचे दोन प्रमुख प्रकार पाठ केले होते : बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा. कोपर हा बिजागरीचा. तो दरवाजाप्रमाणे एकाच दिशेने उघडतो व मिटतो. खांदा आणि खुबा हे उखळीचे. ते सर्व दिशांना फिरतात. ‘उखळ’ हा शब्द इंग्रजी पुस्तकावरून बनविलेला नाही. सुश्रुताने शरीरातील सांध्यांचे आठ प्रकार सांगितले असून त्यांपैकी एकाचे नाव ‘उलूखल’ असे आहे, आणि त्याची स्थाने म्हणून काख, वंक्षण म्हणजे जांघ व दातांची मुळे सांगितली आहेत. सुश्रुताने हाडे तीनशे मोजली आणि आजचे शास्त्र प्रौढ माणसात २०६ मोजते, हा भेद आहेच. तथापि जांघेत उखळ आहे हे त्याने अचूक ओळखले होते. पाश्चात्त्य शारीरशास्त्रज्ञांनी ह्याच खळग्याला लॅटिनमध्ये शिरक्याच्या वाटीचे नाव दिले. ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरातील भांडे, एवढाच फरक!

हे उखळ कमरेच्या रुंद हाडात कोरलेले असते. ते हाड लहानपणी एकसंध नसते. वरचे, खालचे आणि पुढचे अशी तीन हाडे ह्या उखळाच्या तळाशी येऊन भेटतात आणि किशोरवयात एकजीव होतात. उखळात बसणारा गोल माथा मांडीच्या हाडाचा असतो. मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब हाड. माणसाच्या उंचीच्या जवळजवळ चतुर्थांश. त्याचा दांडा सरळ वर जाऊन उखळात शिरत नाही. वरच्या टोकाशी तो आतल्या बाजूस वळतो. ह्या वळलेल्या भागास ‘मान’ म्हणतात आणि मानेच्या टोकावर चेंडूसारखा ‘माथा’ असतो. प्रौढ माणसात मान व दांडा ह्यांच्यामध्ये सुमारे १२५ ते १३० अंशांचा कोन असतो. ह्या वळणामुळे पाय धडापासून दूर राहतो आणि त्याला फिरावयास मोकळीक मिळते. परंतु त्याच वळणावर सारा भार आडवा पडतो. घराची तुळई मोडते ती आधारापासून दूर जेथे भार पडतो तेथे. म्हातारपणी मांडीचे हाड मोडते तेही बहुधा ह्याच मानेपाशी किंवा तिच्या बुडाशी.

माथा आणि उखळ ह्यांच्या पृष्ठभागांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते आणि त्यांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत द्रव वंगणाचे काम करतो. सांध्याभोवती बळकट पिशवी असते आणि तीवर तीन अस्थिबंधांचे वेढे. त्यांपैकी पुढच्या बाजूचा अस्थिबंध उलट्या धरलेल्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचा असून तो शरीरातील सर्वांत बळकट मानला जातो. आपण ताठ उभे राहतो तेव्हा हा बंध ताणला जातो आणि धड मागे कलू देत नाही. म्हणून पोलीस शिपाई तासन्‌तास उभा राहू शकतो. खांद्याचे उखळ उथळ, म्हणून हात फार फिरतो पण लवकर निखळतो. खुब्याचे उखळ खोल, म्हणून तो थोडा कमी फिरतो पण सहसा निखळत नाही. हाताला कामाची मोकळीक हवी आणि पायाला भाराची खात्री हवी, असा हा निसर्गाचा हिशेब आहे.

भाराचा हा हिशेब आकड्यांनी मांडू, कारण त्यातून एक उपयोगी धडा निघतो. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. समजा, माणसाचे वजन ६० किलो आहे. उभ्या पायाचे वजन वगळले तर सुमारे ५० किलो भार त्या एका खुब्यावर तोलला जातो. परंतु हा भार खुब्याच्या नेमका वर नसतो. तो शरीराच्या मध्यरेषेकडे असतो. धड दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमरेचे हाड खाली ओढून धरतात. म्हणजे हा तराजू झाला. टेकू माथ्याचा, एका बाजूस शरीराचा भार, दुसऱ्या बाजूस स्नायूंची ओढ. हिशेब सोपा व्हावा म्हणून भाराची भुजा १० सेंटिमीटर आणि स्नायूंची भुजा ५ सेंटिमीटर धरू. भुजा निम्मी, म्हणून ओढ दुप्पट, म्हणजे १०० किलो लागेल. टेकूवर दोहोंची बेरीज पडते : १५० किलो! साठ किलोचा माणूस साधे चालतो तेव्हा त्याच्या खुब्यावर वजनाच्या अडीच पट दाब पडतो. प्रत्यक्ष मोजमापेही अडीच ते तीन पटींच्या आसपासच येतात.

आता त्याने विरुद्ध हातात काठी घेतली आणि तीवर १० किलो जोर दिला, असे समजा. काठी खुब्यापासून सुमारे ३० सेंटिमीटर दूर आहे. तिचा परिणाम १० गुणिले ३० म्हणजे ३००. शरीराच्या भाराचा परिणाम ५० गुणिले १० म्हणजे ५००. बाकी राहिले २००. त्यास ५ ने भागले की स्नायूंची ओढ फक्त ४० किलो. टेकूवर पडणारा भार ५० अधिक ४० वजा १०, म्हणजे ८० किलो. दीडशेचे ऐंशी झाले! म्हणून काठी नेहमी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात धरावी. आपल्याकडे पुष्कळ मंडळी दुखऱ्या बाजूसच काठी धरतात आणि “काठीने काही फरक पडत नाही” म्हणून ती कोपऱ्यात ठेवून देतात. दोष काठीचा नसतो, हात चुकलेला असतो. हेच बाहेरचे स्नायू दुर्बळ झाले तर एका पायावर उभे राहताच दुसऱ्या बाजूचे कमरेचे हाड खाली झुकते. जर्मन शस्त्रवैद्य ट्रेंडेलेनबुर्ग ह्यांनी १८९५ साली ही खूण वर्णन केली आणि आजही डॉक्टर रुग्णास एका पायावर उभे करून तीच पाहतात.

ह्या सांध्याचे सर्वांत मोठे मर्म मात्र अजून सांगावयाचे आहे. ते म्हणजे माथ्याचा रक्तपुरवठा. डोंगरावरच्या वाडीला पाणी न्यावयाचे असेल आणि नळ एकाच अरुंद पुलावरून गेलेला असेल, तर पूल कोसळताच वाडीचे पाणी तुटते. माथ्याची स्थिती तशीच आहे. त्याला मिळणाऱ्या रक्ताचा बहुतेक भाग मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून जातो. उखळाच्या तळातून माथ्याकडे येणारी एक लहानशी वाहिनी आहे, पण प्रौढ वयात तिच्या बळावर माथा जगत नाही. म्हणून मान मोडली, सांधा निखळला किंवा ह्या बारीक वाहिन्या आतून तुंबल्या, तर माथ्याचे हाड उपासमारीने मरते आणि पुढे भार पडून खचते. बालपण, तारुण्य आणि वार्धक्य ह्या तिन्ही अवस्थांत खुब्याचे जे रोग होतात, त्यांतील कित्येकांच्या मुळाशी हाच एक अरुंद पूल आहे.

बालपणापासून आरंभ करू. नवजात मुलाचे उखळ उथळ आणि मऊ असते. माथा त्यात नीट बसून राहिला तरच उखळाला खोली येते. त्यासाठी मुलाचे पाय गुडघ्यात दुमडलेले आणि मांड्या फाकलेल्या राहाव्या लागतात. आपल्या बायका मुलाला कडेवर घेतात, त्या वेळी त्याचे पाय आपोआप असेच राहतात. ज्या समाजांत मुले अशी कडेवर वा पाठीवर वागविली जातात, तेथे खुबा निखळण्याचा जन्मजात विकार कमी आढळतो. उलट जेथे मुलाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळण्याची चाल आहे, तेथे तो अधिक आढळतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात तशा घट्ट गुंडाळण्याविरुद्ध मोहीम झाली आणि ह्या विकाराचे प्रमाण पुष्कळ उतरले. आपली कडेवर घेण्याची चाल उत्तम आहे, ती सोडू नये. परंतु दुपट्यात मुलाचे पाय काडीसारखे सरळ करून आवळण्याची आणि न्हाऊ घालताना पाय ओढून उलटे धरण्याची चाल मात्र सोडून द्यावी. हात-अंग गुंडाळले तर चालेल. पाय आत मोकळे हलले पाहिजेत.

येथे आणखी एक गोष्ट भगिनींनी ध्यानात घ्यावी. आपल्याकडे पायाकडून जन्मलेल्या मुलाला ‘पायाळू’ म्हणतात आणि त्याच्याविषयी नाना समजुती आहेत. पायाळूला जमिनीतील पाणी दिसते की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु पायाळू मुलात, विशेषतः मुलीत आणि पहिल्या अपत्यात, खुब्याचा हा विकार होण्याचा संभव अधिक असतो, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. अशा मुलाचा खुबा दीड महिन्याच्या सुमारास डॉक्टरांकडून सोनोग्राफीने तपासून घ्यावा. एक मांडी कमी फाकणे, मांडीवरच्या वळ्या दोन बाजूंस सारख्या नसणे, एक पाय आखूड भासणे, ह्या खुणा होत. पहिल्या काही महिन्यांत हा दोष पट्ट्यांनी बहुधा सुधारतो. मूल लंगडत चालू लागल्यावर शस्त्रक्रिया पुष्कळदा अटळ होते.

चार ते आठ वर्षांच्या मुलांत, आणि त्यातही मुलग्यांत, माथ्याचा रक्तपुरवठा काही काळ बंद पडण्याचा एक विकार होतो. अमेरिकेतील लेग, फ्रान्समधील काल्व्हे आणि जर्मनीतील पेर्थेस ह्या तिघांनी १९१० साली तो स्वतंत्रपणे वर्णन केला. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, खाली उडुपीच्या बाजूस, हा विकार अधिक प्रमाणात आढळतो, असे मणिपालच्या डॉक्टरांनी १९८८ साली प्रसिद्ध केले. त्याची सुरुवात फसवी असते. मुलगा थोडा लंगडतो, गुडघा दुखतो म्हणतो आणि खेळावयास पळतो. शिक्षकांनी व आईबापांनी अशा मुलाला ‘सोंग करतो’ म्हणू नये. लंगडणारे मूल आठवड्यात बरे झाले नाही तर त्याच्या खुब्याचे क्ष-किरण चित्र काढावे. लंगडण्याबरोबर ताप असेल तर एक दिवसही थांबू नये, कारण सांध्यात पू झाला तर उखळ व माथा दोन्ही थोड्या दिवसांत नासतात. आपल्या देशात खुब्याचा क्षयही अद्याप होतो. हाडांच्या क्षयात पाठीच्या मणक्यांच्या खालोखाल खुब्याचा क्रम लागतो. औषधे पूर्ण मुदत घेतली तर तो बरा होतो.

आता तारुण्य. आपण जेथे जमलो आहोत त्या पळस्प्याच्या फाट्यावर मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यातून गोव्याचा राष्ट्रीय महामार्ग फुटतो. रात्रंदिवस वाहनांचा लोंढा चालू असतो आणि अपघात ही नित्याची वार्ता झाली आहे. मोटारीत पुढे बसलेल्या माणसाचा गुडघा समोरच्या फळीवर आदळला की धक्का मांडीच्या हाडातून सरळ मागे जातो आणि माथा उखळाबाहेर मागच्या बाजूस फेकला जातो. पाय आखूड होतो, खुब्यात दुमडतो आणि आतल्या बाजूस वळतो. सांध्याच्या मागून जाणारी पायाची मोठी शीर दबली तर पाऊल लुळे पडते. असा निखळलेला सांधा शक्यतो सहा तासांच्या आत भूल देऊन जागी बसवावा लागतो. जितका उशीर, तितके माथा मरण्याचे भय अधिक. खेड्यातील हाडवैद्याने मनगट बसविले असेल, घोटा बसविला असेल. त्याच्या कसबाचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु खुबा हे त्याचे क्षेत्र नव्हे. तेथे ओढाताण केली तर मोडलेले हाड अधिक मोडते आणि उरलेल्या रक्तवाहिन्याही तुटतात. आणि अर्थात, वाहनात बसताच पट्टा लावला तर ह्यांतील पुष्कळ संकटे टळतात.

अपघातावाचूनही तरुणांचा माथा मरू शकतो. अतिरिक्त मद्यपान आणि स्टेरॉइड औषधांचे मोठे डोस ही त्याची दोन मुख्य कारणे. कोविडच्या साथीनंतर मुंबईत ह्याचा अनुभव आला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०२१ साली चाळिशीच्या आतील तीन रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत त्यांना खुब्याचे दुखणे सुरू झाले होते. एरवी स्टेरॉइडनंतर ह्यास सहा महिने ते वर्ष लागते. कोविडमध्ये स्टेरॉइडने अनेकांचे प्राण वाचविले, तेव्हा औषध वाईट असे नव्हे. पण दम्याला, सांधेदुखीला किंवा ‘ताकदीसाठी’ कोणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या महिनोन्‌महिने घेणे घातक आहे, कारण त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. ह्या रोगाची पहिली खूण घरगुती असते : जांघेत दुखते आणि पाटावर मांडी घालून बसता येईनासे होते. आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही. एमआरआय तपासणीत दिसते. माथा खचण्यापूर्वी निदान झाले तर औषधे व लहान उपचार ह्यांनी तो वाचविण्याची संधी असते.

ह्यानंतर वार्धक्य, आणि आमच्या भाषणाचे मुख्य प्रयोजन. वयाबरोबर हाडे ठिसूळ होतात. स्त्रियांत मासिक पाळी बंद झाल्यावर ती अधिक वेगाने होतात. मग ओली मोरी, रात्रीचा अंधार, चटईची मुडपलेली कड किंवा झिजलेली चप्पल एवढे निमित्त पुरते. म्हातारी बाई कुशीवर पडते आणि उठू शकत नाही. पडलेला पाय आखूड झालेला, पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले आणि टाच उचलता न येणे, ही मोडल्याची लक्षणे होत. क्वचित हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस चार पावले चालतेही. म्हणून “चालली म्हणजे मोडले नाही” असा निष्कर्ष काढू नये.

मोडण्याचे ठिकाण दोन प्रकारचे असते. सांध्याच्या पिशवीच्या आत मान मोडली तर तो अरुंद पूल तुटतो. हाड आपोआप जुळण्याची आशा थोडी आणि माथा मरण्याचे भय मोठे. पिशवीच्या बाहेर, मानेच्या बुडाशी मोडले तर तेथे रक्त भरपूर असते. हाड जुळते, पण तसेच ठेवले तर वाकडे व आखूड जुळते. पहिल्या प्रकारात वयपरत्वे स्क्रू घालतात किंवा माथा बदलतात. दुसऱ्या प्रकारात पट्टी वा सळई घालून हाड धरून ठेवतात.

ह्या शस्त्रक्रियेचा मुख्य उद्देश हाड जुळविणे एवढाच नसतो. माणसाला लवकरात लवकर उठवून बसविणे हा असतो, आणि हे आपल्या घरांना कळावे अशी आमची तळमळ आहे. म्हातारे माणूस मोडलेल्या हाडाने सहसा मरत नाही. ते अंथरुणाने मरते. उताणे पडून राहिल्याने पाठीला व ढुंगणाला शय्याव्रण होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होते, लघवीत जंतू शिरतात, भूक मरते आणि मन खचते. प्रगत देशांत शस्त्रक्रिया होऊनही अशा वृद्धांपैकी पाचांत एक किंवा त्याहून अधिक वर्षभरात दगावतात. मग नुसते पडून राहिलेल्यांची स्थिती काय होत असेल, ह्याची कल्पना करावी. म्हणून प्रकृती अनुकूल असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो २४ ते ४८ तासांत व्हावी, असे शास्त्र सांगते. “आधी नातेवाईक जमू द्या, मग ठरवू,” ह्यात जे चार दिवस जातात ते परत मिळत नाहीत.

आमच्या पाहण्यातील दोन घरे सांगतो. नावांचे प्रयोजन नाही. एका घरी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी श्रावणात मोरीत घसरल्या. लेप झाले, बंध झाले, आणि वयाकडे पाहून सर्वांनी शस्त्रक्रिया नको म्हटले. सुनांनी सेवेत कसूर केली नाही. तरीही पाठीला व्रण झाले आणि दिवाळीचे दिवे त्यांनी पाहिले नाहीत. दुसऱ्या घरी ऐंशी ओलांडलेल्या मावशींना तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना खाटेवर बसविले, आठवड्यात वॉकर धरून उभे केले, आणि शिमग्याला त्या ओटीवर बसून नातवंडांना पोळी वाढीत होत्या. शस्त्रक्रिया झाली म्हणजे प्रत्येक वृद्ध वाचतोच असे कोणी म्हणणार नाही. हृदय वा फुप्फुस फारच दुर्बळ असेल तर डॉक्टरही थांबावयास सांगतात. परंतु तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगावा. ओटीवर बसून आपण करू नये. केवळ वय हे नकाराचे कारण नव्हे.

प्रसंग आलाच तर काय करावे? चोळू नये, ओढू नये, बसवून पाहू नये. दोन पायांमध्ये उशी ठेवून पाय एकत्र बांधावेत, फळीवर किंवा स्ट्रेचरवर निजवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून खाऊ-पिऊ घालू नये. चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करण्याची गोळी असल्यास ती, बरोबर न्यावी. खर्चाची चिंता असल्यास रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी त्याच दिवशी करावी. शिधापत्रिका व आधारपत्र हाताशी ठेवावे.

कृत्रिम सांध्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. बर्लिनच्या ग्लुक ह्यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. ते टिकले नाहीत. पुढे इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे जॉन चार्नली ह्यांनी लहान पोलादी माथा आणि चिवट प्लास्टिकची वाटी अशी जोडी १९६२ साली बसविली आणि दंतवैद्यांच्या उपयोगातील सिमेंटाने ती हाडात पक्की केली. त्यापूर्वी त्यांनी वापरलेल्या दुसऱ्या प्लास्टिकच्या वाट्या झिजून गेल्या होत्या. त्या अपयशातून शिकून त्यांनी ही जोडी सिद्ध केली. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ साली खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेस शतकातील शस्त्रक्रिया असे गौरविले. मात्र नवे ते सर्व चांगले, असे नव्हे. धातूवर धातू घासणाऱ्या एका जातीचा सांधा २०१० साली जगभरातून परत घ्यावा लागला आणि आपल्या देशातील रुग्णांनाही त्याचा त्रास झाला. म्हणून बसविलेल्या सांध्याची चिठ्ठी, क्रमांक आणि बिल जन्मभर जपून ठेवावे.

असा सांधा बसविल्यावर उकिडवे बसणे, खाली पाटावर बसणे, पायावर पाय टाकणे हे डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत वर्ज्य असते. आपली सारी रीत जमिनीवरची. शौचकूप जमिनीवर, पंगत जमिनीवर, पूजा जमिनीवर. म्हणून सांधा बदललेल्या माणसाला पुष्कळदा संकोच वाटतो आणि तो समारंभास येणेच सोडतो. येथे आपल्या संस्थेचे कर्तव्य सुरू होते.

आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, संस्थेच्या प्रत्येक पंगतीत वृद्धांसाठी टेबल-खुर्च्यांची एक रांग मानाने मांडावी. ती कोपऱ्यात नसावी. दुसरी, संस्थेने चार वॉकर, दोन कमोडच्या खुर्च्या आणि काही काठ्या विकत घेऊन ठेवाव्यात. गरजू घराने न्याव्यात, काम झाले की परत आणून द्याव्यात. आपण लग्नाची भांडी अशीच वापरीत आलो आहोत. तिसरी, ज्या घरी वृद्ध आहेत त्या प्रत्येक घराने ह्या महिन्यातच मोरीत खडबडीत फरशी आणि भिंतीला धरावयास दांडी लावावी, रात्री शौचाच्या वाटेवर दिवा ठेवावा आणि डोळ्यांतील मोतीबिंदू काढून घ्यावा. नाचणी, तीळ, दूध, सुका जवळा ह्यांनी हाडांस चुना मिळतो. कोवळ्या उन्हाने आणि रोजच्या चालण्याने तो टिकतो. आणि एकदा हाड मोडलेल्या माणसाने ठिसूळपणाचे औषध डॉक्टरांकडून अवश्य सुरू करावे, नाहीतर दुसऱ्या खुब्याची पाळी येते.

बंधुभगिनींनो, ज्यांनी आपणांस कडेवर घेऊन वाढविले, त्यांचा खुबा मोडेल त्या दिवशी त्यांना पुन्हा पायांवर उभे करणे हे आपले ऋण आहे. ते फेडण्याची वेळ मोठी नसते. दोन दिवसांची असते. ती जाऊ देऊ नये, एवढेच आमचे सांगणे.